हल्ल्याच्या ठिकाणी रुग्णवाहिका जाईल का?

प्रश्न असा आहे : बॉम्बस्फोट किंवा विषारी वायूचा हल्ला झाला, तर रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर आणि पायलट, म्हणजे चालक, जातील का? आणि रुग्णवाहिका सेवा चालवणाऱ्यांनी त्यांच्याकडून आधीच तसं हमीपत्र घ्यावं का?

हमीपत्र घेऊ नका. नोकरीपोटी सगळे सही करतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. त्याऐवजी पाहणी करा आणि घटनेनुसार वेगवेगळं विचारा. न्यूयॉर्क परिसरातल्या 47 आरोग्यसंस्थांमधल्या 6,428 कर्मचाऱ्यांची पाहणी 2005 साली प्रसिद्ध झाली. एकाच वेळी खूप माणसं जखमी झाली तर यायला 86 टक्के तयार होते, रासायनिक घटनेला 68, किरणोत्सर्गाला 57 आणि सार्स या श्वसनाच्या संसर्गजन्य आजाराच्या साथीला 48. माणसं तीच. डोळ्यांना न दिसणारा, अंगावरून घरी जाणारा धोका आला की आकडा घसरतो.

ही भीती रास्तच आहे. 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हे मज्जासंस्थेवर घाला घालणारं विषारी रसायन सोडलं गेलं, तेव्हा मदतीला गेलेल्या अग्निशमन दलाच्या 1,364 जणांपैकी 135 जणांना स्वतःलाच बाधा झाली. रुग्ण जिथे नेले त्या टोकियोतल्या सेंट ल्यूक्स रुग्णालयातल्या शंभरावर कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला. रुग्णांच्या कपड्यांतून वाफ निघत होती आणि हवा खेळती नव्हती. रुग्णालयाच्या चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, काम करणाऱ्यांना सर्वाधिक त्रास झाला तो त्यामुळेच.

म्हणून जखम नसताना बरीच माणसं एकदम कोसळलेली दिसली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, नाकातोंडातून पाणी वाहत असेल, तर गाडी वारा येतो त्या बाजूला, लांब थांबवा आणि आत जाऊ नका. एन-95 मास्क वायू अडवत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक हवं. बाहेर आणलेल्या रुग्णाचे कपडे योग्य संरक्षक पोशाख घातलेल्यानेच काढायचे. डोक्यावरून ओढायचे नाहीत, कात्रीने कापायचे. ते पिशवीत बंद करून अंग भरपूर पाण्याने धुतल्यावरच रुग्ण गाडीत घ्यायचा. खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट फॅन चालू.

स्फोटाच्या जागी धोका दुसऱ्या बॉम्बचा. गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा, मोजकीच माणसं आत पाठवा. तिथे आधी रक्तस्राव थांबवायचा : टुर्निकेट, म्हणजे हातापायाला आवळून बांधायचा पट्टा, जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचं आणि वेळ लिहायची. गाडीत एकच टुर्निकेट असेल तर दुसऱ्या जखमीपाशी हात रिकामे. किमान सहा ठेवा.

आणि जायला तयार असलेली माणसंही अडकतात, हे तुमच्या नियंत्रण कक्षाला सांगा. 22 मे 2017 ला इंग्लंडमधल्या मँचेस्टर अरीना या कार्यक्रमांच्या सभागृहात बॉम्बस्फोट झाला. पहिल्या सुमारे 40 मिनिटांत स्फोटाच्या दालनात एकच पॅरामेडिक, म्हणजे रुग्णवाहिकेवरचा प्रशिक्षित आरोग्यकर्मी, होता. अग्निशमन दल पोचायला दोन तासांहून अधिक लागले. जखमींना जाहिरातींचे फलक आणि लोखंडी अडथळे यांवर घालून बाहेर काढावं लागलं. चौकशीत सापडलं ते मुख्यतः यंत्रणांमधल्या समन्वयाचं अपयश. तेव्हा आत जायचा हुकूम कोण देणार, पोलिसांचा कोणता अधिकारी कुठला भाग सुरक्षित म्हणून सांगणार आणि कोणत्या वायरलेस चॅनेलवर, हे आजच कागदावर आणा.

राहिलं घर. लहान मुलं, आजारी आईवडील यांच्याकडे कोण बघणार, हे ठरलेलं नसेल तर चांगला माणूसही फोन उचलायला कचरतो. घरच्यांना खुशाली कळवायला कक्षात एक माणूस नेमा. जैविक, म्हणजे रोगजंतूंच्या, हल्ल्यात कर्मचाऱ्याला प्रतिबंधक औषध मिळेल, तेव्हा कुटुंबालाही मिळेल, हे लेखी द्या. पाहणीचा फॉर्म निनावी ठेवा आणि 'नाही' लिहिलं तर कारणासाठी दोन ओळी सोडा. पोशाख, प्रशिक्षण आणि घरची सोय यांत आधी कशावर खर्च करायचा, ते त्या ओळींवरून ठरवता येईल.