डावा मेंदू ३८ टक्के

नववीतल्या ओंकारच्या (नाव बदललं आहे) आईने पिशवीतून गुणपत्रकाच्याही आधी एक रंगीत फाइल काढली. बोटांचे ठसे घेऊन केलेल्या टेस्टचा रिपोर्ट होता तो. डावा मेंदू ३८ टक्के, उजवा ६२. "मॅडम, ह्याचा हिशोबाचा मेंदूच कमी आहे. दहावीला गणिताचं कसं व्हायचं? काही औषध, व्यायाम असतो का?" वडील अंबडला कारखान्यात कामाला, ते गप्प होते. ओंकार वहीच्या मागच्या पानावर काळारामाचं शिखर काढत होता, आणि छान काढत होता.

असे रिपोर्ट घेऊन पालक माझ्याकडे नेहमी येतात. ठशांवरून मेंदूची टक्केवारी काढण्याला शास्त्रीय आधार नाही, हे मी लगेच सांगते. पण छापील आकड्यापुढे तोंडी बोलणं सहसा टिकत नाही.

या घरात माझं काम आजोबांनी सोपं केलं. बोलता बोलता कळलं की पंचवटीतल्या घरी आजोबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि वाचाही गेली. "मेंदूत गुठळी कुठल्या बाजूला होती?" मी विचारलं. वडील म्हणाले, "डाव्या."

मग डावी बाजू काय करते ते तुमच्या घरातच दिसतंय, मी म्हटलं. शरीराची उजवी बाजू ती चालवते. शब्द सापडणं, वाक्य जुळवणं, दुसऱ्याचं बोलणं समजणं हेही बहुतेकांत तिच्याचकडे असतं. उजव्या हाताने लिहिणाऱ्या शंभरातल्या ९५ जणांत तरी, आणि डावखुऱ्यांतही सुमारे ७० जणांत. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी 'टॅन' एवढंच बोलू शकणाऱ्या एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला, तेव्हा इजा डावीकडेच, पुढच्या भागात सापडली होती.

"पण मॅडम," आई मध्येच म्हणाली, "पाणी मागता येत नाही त्यांना, आणि संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला की शब्दांसकट म्हणतात!"

याहून चांगलं उदाहरण मला शोधून सापडलं नसतं. चाल आणि वर्षानुवर्षं तोंडात बसलेले शब्द यांना उजव्या बाजूचाही आधार मिळतो. एक बाजू भाषेची आणि दुसरी कलेची, अशी भिंत मेंदूत नाही. दोन्ही बाजूंमध्ये सुमारे २० कोटी तंतूंचा पूल आहे. अपस्मारावरचा (फिट येण्यावरचा) उपाय म्हणून ज्यांचा हा पूल कापावा लागला, अशा रुग्णांवर रॉजर स्पेरी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी काम केलं, १९८१ चं नोबेल मिळवलं, आणि त्याचाच लोकांनी 'डाव्या मेंदूची माणसं, उजव्या मेंदूची माणसं' असा खेळ केला. पाढे आठवणं डावीकडे जास्त झुकतं हे खरं, पण लहानमोठी संख्या ओळखायला दोन्ही बाजू लागतात.

ओंकारने मान वर केली. "मग चित्र?"

"कुठल्या हाताने काढतोस?"

"उजव्या."

"तो हात डावा मेंदूच हलवतो."

तो पहिल्यांदा हसला.

मग त्याचे पेपर बघितले. आकडेमोड व्यवस्थित होती, शाब्दिक उदाहरणं मात्र कोरी. सातवीपर्यंत मराठी माध्यम, आठवीपासून सेमी. 'रिस्पेक्टिव्हली', 'ॲट लीस्ट' म्हणजे काय ते वर्गात विचारायची लाज वाटायची. तीच उदाहरणं मी मराठीत वाचून दाखवली, तर बहुतेक सुटली. त्याला इंग्रजी शब्दांची एक वही करायला लावली आणि रोज दोन उदाहरणं आधी मराठीत सांगून मग सोडवायला सांगितली. 'मेंदूचे व्यायाम' शिकवणाऱ्या क्लासची फी भरू नका, असं वडिलांना स्पष्टच बजावलं.

पुढच्या भेटीला ओंकार एकटाच आत आला. त्याला आर्किटेक्ट व्हायचंय. त्यासाठी बारावीला गणित लागतं हे त्याने आधीच शोधून ठेवलं होतं, आणि रिपोर्ट आल्यापासून ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं.