प्रोस्टेटची गोळी बरं वाटल्यावर बंद करायची का?

ताई, उत्तर आधीच सांगून टाकतो. बाबांची गोळी परस्पर बंद करू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून वय 71, वाढलेल्या प्रोस्टेटसाठी (मूत्राशयाखालची पुरुषांची ग्रंथी) टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असलेली गोळी दोन वर्षं चालू, रात्रीचं उठणं बरंच कमी झालंय, आणि शेजारचे काका म्हणतात की इतकी वर्षं गोळी खाल्ली तर किडन्या जातील. शिवाय दिवाळीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मी बरीच वर्षं मेडिकल चालवलं, आता मुलगा बघतो, आणि हीच गोळी रोज रात्री जेवल्यावर मीही घेतो. डॉक्टर नाही, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

काकांनी गोष्ट उलटी धरली आहे. या गोळीने किडनी खराब होत नाही. लघवी वर्षानुवर्षं पूर्ण बाहेर पडली नाही, मूत्राशयावर ताण राहिला, मागे दाब गेला, तर किडनीला धोका असतो.

आता खरा मुद्दा. तुम्ही ‘गोळी’ म्हणता, पण आत दोन औषधं आहेत आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. टॅम्सुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटचे स्नायू सैल करतं. काही दिवसांतच धार सुधारते, पण ग्रंथी तेवढीच राहते. बंद केलं की त्रास थोड्याच दिवसांत परत येऊ शकतो. ड्युटास्टेराइड मात्र टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून डीएचटी हे त्याहून जोरकस हार्मोन बनू देत नाही. प्रोस्टेट वाढते ती या डीएचटीवर. त्यामुळे ग्रंथी हळूहळू आकसते, साधारण चौथ्या हिश्श्याने, आणि त्याला सहा महिने तरी लागतात. पहिल्या महिन्यात “काहीच फरक नाही हो” म्हणत स्ट्रिप परत आणणारे मी काउंटरवर कितीतरी पाहिले.

या औषधामागची गोष्ट मला फार आवडते. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका खेड्यात काही पुरुषांत हे डीएचटी बनवणारं एन्झाइम जन्मतःच कमी होतं, आणि त्यांची प्रोस्टेट आयुष्यभर छोटीच राहायची. 1974 मध्ये हे संशोधन छापून आलं. त्या धाग्यावरून फिनास्टेराइड हे औषध तयार झालं आणि 1992 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ड्युटास्टेराइड त्याचाच पुढचा भाऊ.

दीर्घकाळ घेण्याचा फायदा याच दुसऱ्या, म्हणजे ड्युटास्टेराइड-फिनास्टेराइडच्या गटाचा. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमटॉप्स या अभ्यासात तीन हजारांवर पुरुष सरासरी साडेचार वर्षं पाहिले गेले. डॉक्साझोसिन (टॅम्सुलोसिनच्या गटातलं) आणि फिनास्टेराइड एकत्र घेणाऱ्यांमध्ये आजार वाढण्याचा धोका 66 टक्क्यांनी कमी झाला. लघवी अचानक पूर्ण तुंबणं आणि ऑपरेशनची वेळ येणं यांचा धोका फिनास्टेराइडने कमी केला. एकट्या डॉक्साझोसिनने लक्षणं सुधारली, पण ते दोन धोके शेवटी टळले नाहीत. म्हणून मोठ्या ग्रंथीला दोन औषधं देतात. ग्रंथी लहान असेल तर दुसऱ्याचा फारसा उपयोग नाही.

मग कमी काहीच करता येत नाही का? येतं. सहा महिने दोन्ही दिल्यावर टॅम्सुलोसिन काढून फक्त ड्युटास्टेराइड ठेवून पाहिलेलं आहे, आणि ज्यांचा त्रास मुळात मध्यम होता त्यांतल्या बहुतेकांना फरक जाणवला नाही. तीव्र त्रास असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना मात्र जाणवला. म्हणजे डॉक्टरांना “बंद करू का?” असं न विचारता “यातलं टॅम्सुलोसिन काढून बघता येईल का?” असं विचारा.

मोतीबिंदूचं लगेच करा. डोळ्यांच्या डॉक्टरांना गोळीचं नाव आजच कळवा. टॅम्सुलोसिनने ऑपरेशनच्या वेळी बुबुळ सैल पडून हलतं आणि बाहुली मध्येच आकसते. 2005 पासून हे माहीत आहे. आधी गोळी थांबवून हा धोका खात्रीने टळत नाही, पूर्वी कधी घेतली असली तरी होऊ शकतं. सर्जनला आधी कळलं की तो तयारीनिशी उभा राहतो, एवढंच हवं.

पीएसएचंही तसंच, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका पाहायला करतात ती रक्ततपासणी. ड्युटास्टेराइडने सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्मा होतो. लॅबच्या कागदावर 2.4 आणि पुढे ‘नॉर्मल’ दिसलं तरी तो 4.8 समजायचा. गोळी नियमित चालू असताना आकडा खालून वर चढायला लागला, तर तो नॉर्मलच्या आत असला तरी युरॉलॉजिस्टला दाखवा. नव्या डॉक्टरकडे जाताना ही गोळी चालू आहे हे पहिल्यांदा सांगायचं.

रात्री उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसू द्या, टॅम्सुलोसिनने उभं राहिल्यावर बीपी उतरू शकतं. बीपीची गोळीही असेल तर जास्तच. गोळी चावू नये, फोडू नये. घरात कुणी गरोदर असेल तर तिने फुटलेल्या कॅप्सूलला हात लावू नये. आणि सर्दीची गोळी! फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असलेली साधी गोळी वाढलेल्या प्रोस्टेटला त्रासदायक ठरते. थंडीत वडिलांनी कुठूनतरी आणलेल्या सर्दीच्या गोळ्या खाल्ल्या, लघवी तुंबली, नळी घालावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा युरोबॅग (लघवीची पिशवी) मागत दुकानात, हा प्रकार मी पाहिला आहे.

एक गोष्ट बाबा तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून भावाला किंवा आईला विचारायला सांगा. इच्छा कमी होणं, वीर्य कमी येणं किंवा न येणं असं या औषधांनी होऊ शकतं. पुरुष लाजेने बोलत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. छातीत गाठ किंवा दुखरेपणा वाटला तर मात्र थांबू नका, दाखवा.

लघवीत रक्त, वारंवार संसर्ग, मूत्राशयात खडा, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढणं, पुन्हा तुंबणं, यांपैकी काही झालं तर गोळीवर ओढत बसू नये, ऑपरेशनचं बोलावं.

जुन्या सोनोग्राफीत ग्रंथी किती ग्रॅमची आणि लघवी झाल्यावर किती एमएल उरते, हे दोन आकडे मिळाले तर इथे टाका. त्यावरून डॉक्टरांपुढे प्रश्न कसा मांडायचा ते सांगतो.