चौदा नंबरची मूठ

प्रश्न : ताई, माझी मुलगी तेरा वर्षांखालच्या संघात बास्केटबॉल खेळते. सामन्यांना गुण लिहायला माणूस मिळत नाही, म्हणून त्यांच्या कोचनी मला टेबलावर बसवलं. मध्यंतरापर्यंत सगळं ठीक चाललं. तिसरं सत्र सुरू होऊन तीन मिनिटं झाली असतील, स्कोअरबोर्डवर 31-26 आणि माझ्या शीटवर 29-28! दोन्ही बाकांवरून ओरडा सुरू झाला आणि माझा हातच चालेना. पुढच्या सामन्यालाही मलाच बोलावलं आहे. नाही म्हणून टाकू का?

उत्तर : नाही म्हणू नका. तुमचं कुठे चुकलं ते तुम्ही पाठवलेल्या आकड्यांतच दिसतंय. एका संघाचे दोन गुण कमी आणि दुसऱ्याचे नेमके दोन जास्त, म्हणजे एक बास्केट चुकीच्या रकान्यात गेली. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. तुम्ही पहिली दोन सत्रं 'डावीकडची बास्केट या संघाची' असं डोक्यात धरून लिहीत होतात, आणि तिसऱ्या सत्रातही हात त्याच सवयीनं चालला. बास्केटवर जाऊ नका, जर्सीच्या रंगावर जा. शीटच्या वरच्या कोपऱ्यात दोन्ही रंग लिहून ठेवा.

फरक एकाच संघाचा आणि एकाच गुणाचा असेल, तर बहुधा फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारा, एका गुणाचा मोकळा फेक) राहिलेला असतो किंवा तीनची बास्केट दोनची धरलेली असते. खेळाडूचा पाय तीन गुणांच्या रेषेवर असेल तर दोनच गुण, त्यामुळे अंदाजानं लिहू नका, पंचांची खूण बघा. शीटवर छापलेल्या आकड्यांपैकी नव्या बेरजेच्या आकड्यावर तिरकी रेष आणि शेजारी खेळाडूचा नंबर. तीनची असेल तर त्या नंबरभोवती गोल. फ्री थ्रोला आकड्यावर भरीव ठिपका. पहिल्या व तिसऱ्या सत्राला लाल पेन आणि दुसऱ्या-चौथ्याला निळं वापरलं, की चूक कुठल्या सत्रातली ते लगेच सापडतं. बोर्ड आणि शीट जुळले नाहीत तर चालू खेळात भोंगा वाजवू नका. चेंडू थांबला की पंचांना बोलवा. वाद मिटलाच नाही तर शीट ग्राह्य धरतात आणि बोर्ड दुरुस्त करतात. बाकावरून कोण काय ओरडतं त्याला तिथे किंमत नाही.

गुणांची चूक सापडते तरी. मला खरी काळजी वाटते ती फाऊलची. टेबलावर बसायला लागले त्या पहिल्या वर्षी पंचांनी माझ्याकडे तोंड करून नंबर दाखवला. मधून एक मुलगी पळत गेली आणि मला त्यांची चारच बोटं दिसली. मी चार नंबरच्या नावापुढे 'पी', म्हणजे वैयक्तिक फाऊल, लिहिला. त्यांची दुसरी मूठ मिटलेली होती, ती मी पाहिलीच नाही. अकरा ते पंधरा नंबर दाखवताना एक हात मिटलेला असतो. फाऊल चौदा नंबरचा होता.

चौथ्या सत्रात चार नंबरच्या मुलीचा, माझ्या हिशेबानं, पाचवा फाऊल झाला, म्हणजे ती सामन्यातून बाहेर. ती टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाली, "माझे चारच झालेत ना?" मी शीटकडे बोट दाखवलं. ती काही न बोलता बाकावर जाऊन बसली. सामना संपल्यावर कोचनी आपल्या वहीतले फाऊल माझ्या शीटशी पडताळले, तेव्हा सगळं उघड झालं. पंचांची सही व्हायच्या आधी शीट दुरुस्त झाली, पण तिची ती मिनिटं गेली ती गेलीच. वयानं लहान मुलं पंचांशी भांडत नाहीत, आपण जे लिहू ते खरं मानतात. म्हणून सांगते, फाऊल झाला की पंचांचे दोन्ही हात दिसेपर्यंत पेन टेकवू नका. नाही दिसले तर पुन्हा विचारा, ते दाखवतात. नंबर मोठ्यानं म्हणा, शेजारच्या सहायकाला तो परत म्हणायला लावा आणि मगच लिहा. लगेच संघाच्या फाऊलच्या चौकटीतही फुली मारा. एका सत्रात चार भरल्या की पाचव्यापासून समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो मिळतात, आणि ती चौकट विसरली की पुढचा सगळा गोंधळ तुमच्यावर येतो.

टाइमआउटचं सोपं आहे : पहिल्या अर्ध्यात दोन, दुसऱ्या अर्ध्यात तीन. चौकटीत मिनिट लिहायचं.

आणखी एक. मैदानात तुमची मुलगी असणार, नजर तिच्याकडे जाणारच. तिनं बास्केट केली की आधी रेष मारा, नंबर लिहा. टेबलावरून टाळ्या वाजवायच्या नसतात. घरी जाताना तिला भरभरून सांगा.