मुखपृष्ठावरच्या शिक्क्यामागे काय असतं?

प्रश्न : ग्रंथालयात परराष्ट्र धोरणावरची इंग्रजी पुस्तकं चाळताना दोन-तीन मुखपृष्ठांवर ‘लायनेल गेल्बर पारितोषिक’ असा उल्लेख दिसला. हे कसलं पारितोषिक? मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, या विषयाचा काहीच अभ्यास नाही. अशी पुस्तकं मला झेपतील का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : झेपतील, सर. मी इतिहास शिकवायचे, तरी परराष्ट्र धोरण म्हटलं की करारांची कलमं डोळ्यांपुढे यायची आणि त्या कपाटाकडे मी फिरकायचेच नाही. ती भीती घालवली ती याच पारितोषिकाच्या यादीतल्या एका पुस्तकानं.

लायनेल गेल्बर हे कॅनडाचे मुत्सद्दी आणि लेखक. आंतरराष्ट्रीय प्रश्नांवरच्या पुस्तकांसाठीचं हे पारितोषिक त्यांनी १९८९मध्ये सुरू केलं. १९९०चा पहिला मान चीनचा आधुनिक इतिहास लिहिणाऱ्या जोनाथन स्पेन्स यांना मिळाला. आता टोरांटो विद्यापीठाची मंक स्कूल त्याचं काम पाहते आणि विजेत्याला ५०,००० कॅनेडियन डॉलर मिळतात. लेखक कुठल्याही देशाचा चालतो. पुस्तक इंग्रजीत लिहिलेलं किंवा इंग्रजीत अनुवाद झालेलं हवं. म्हणजे चांगला अनुवाद झाला, तर मराठी पुस्तकालाही तिथं दार उघडं आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपण तो विचारच करत नाही.

तुमच्या शंकेचं खरं उत्तर या पारितोषिकाच्या हेतूतच आहे. आंतरराष्ट्रीय प्रश्नांवरची लोकांमधली चर्चा अधिक खोल व्हावी, हा तो हेतू. त्यामुळे नुसती विद्वत्ता पुरत नाही, सामान्य माणसाला वाचता येईल असं लिहावं लागतं. विजेत्यांत पत्रकार बरेच आहेत, ते त्यामुळेच. २०१३च्या विजेत्या क्रिस्टिया फ्रीलंड पत्रकारच होत्या. पुढे त्या कॅनडाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या.

आता सुरुवात. २०१४चं विजेतं पुस्तक घ्या, गॅरी बास यांचं ‘द ब्लड टेलिग्राम’. मला वळवलं ते यानंच. नाव रक्तावरून नाही, आर्चर ब्लड या माणसावरून आहे. १९७१मध्ये ते ढाक्यात अमेरिकेचे महावाणिज्यदूत होते. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्करानं कत्तल सुरू केली. ६ एप्रिलला तिथल्या वीस अमेरिकी अधिकाऱ्यांनी आपल्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध सह्यांनिशी तार पाठवली आणि ब्लड यांनी तिला स्वतःचा दुजोरा जोडला. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांना मात्र पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान हवे होते, कारण चीनकडे जाणारी गुप्त वाट त्यांच्यामार्फत होती. ब्लड यांना ढाक्यातून हलवलं गेलं.

एक कोटी निर्वासित भारतात आले, हा आकडा मी वर्गात कितीतरी वेळा फळ्यावर लिहिला होता. पण व्हाइट हाऊसमधल्या ध्वनिफितींवरचे संवाद वाचताना, त्या माणसांविषयी बंद खोलीत कशा भाषेत बोललं जात होतं ते कळलं आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले. बास यांनी इंदिरा गांधींचे निकटचे सल्लागार पी. एन. हक्सर यांचे दिल्लीतले कागदही तपासले आहेत. भारताची बाजूही ते सोवळी ठेवत नाहीत. बांगलादेशासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीला आपण गुपचूप दिलेलं प्रशिक्षण त्यात आहे. आपल्या वाचकानं हे पुस्तक आधी वाचावं असं मला वाटतं ते यासाठीच.

त्यानंतर २०१५चे विजेते सेर्ही प्लोखी. सोव्हिएत संघाचे १९९१मधले शेवटचे पाच महिने, जवळजवळ दिवसागणिक. अॅन अॅपलबाम यांचं युक्रेनमधल्या १९३२-३३च्या दुष्काळावरचं पुस्तक (२०१८) थोर आहे, पण मन घट्ट करून घ्या. एझ्रा व्होगेल यांचं चीनचे नेते डेंग शियाओपिंग यांच्यावरचं (२०१२) आठशेहून जास्त पानांचं. ते सध्या राहू द्या. व्यापारयुद्धांवरचं २०२१चं पुस्तकही अर्थशास्त्राची थोडी ओळख झाल्यावरच हातात घ्या.

आणि दरवर्षी जाहीर होणारी अंतिम पाचांची यादी जरूर बघा. मी विजेत्याइतकीच तिची वाट पाहते.

वाचताना नकाशा शेजारी ठेवा. १९७१चं पुस्तक वाचून झालं की मला पुन्हा लिहा. ब्लड यांच्या जागी तुम्ही असता, तर त्या तारेला दुजोरा दिला असता का, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.