कथा, ललित की कविता? नक्की कुठल्या विभागात पाठवू?

तुमचं लिखाण कथेसारखं सुरू होतं, मधे ओव्या येतात, शेवटी नुसतेच संवाद, आणि स्पर्धेच्या फॉर्मवर टिक मात्र एकाच चौकोनात करायची, हाच प्रॉब्लेम ना? काही बिघडलं नाही ओ. मी सोलापूरचा, आमच्या गावचा राम जोशीच घ्या की. पुराणिकांच्या घरातला, संस्कृत शिकलेला माणूस, तमाशाच्या फडात जाऊन शृंगाराच्या लावण्या रचायला लागला, त्याच लावणीतून उपदेशपण केला आणि पुढं कीर्तनंही केली. आता त्याला पंडित म्हणायचं, कीर्तनकार म्हणायचं का शाहीर? पुस्तकवाल्यांनी शाहिरांत टाकलाय म्हणून आपण शाहीर म्हणतो, बास.

मला विचाराल तर प्रकार लिखाणात कमी आणि बैठकीत जास्त असतो. गवळण बघा. एकनाथांची गवळण भजनात टाळ-मृदंगावर सुरू झाली की म्हातारी माणसं डोळे मिटून डोलतात. तमाशातपण गवळणी मथुरेच्या बाजारालाच निघालेल्या असतात, पण तिथं पेंद्या (कृष्णाचा सवंगडी) वाट अडवतो, मावशी (म्हणजे डोक्यावर पदर घेतलेला बाप्या) कमरेवर हात ठेवून त्याला झापते, आणि बोलता बोलता विषय दुधावरून सरपंचावर कधी घसरला ते कळतपण नाही. कृष्ण तोच, वाट तीच. बरं नाथांची भारुडं ऐकली तर ही चेष्टा आणि भक्ती तिथं आधीच एकत्र नांदतीय.

बार्शीचे शाहीर अमर शेख ज्या लाल बावटा कलापथकात (म्हणजे कामगार चळवळीतल्या शाहिरांच्या पथकात) होते त्यातल्या अण्णा भाऊ साठेंनी तर गणात (म्हणजे तमाशाच्या सुरुवातीच्या वंदनात) गणपतीऐवजी मायभूमीला वंदन आणलं, गवळण काढूनच टाकली, आणि तमाशाचं लोकनाट्य झालं. कामगारांना ते आपलंच वाटलं.

आता तुमचं. ओव्या बाजूला काढून एकदा मोठ्यानं वाचा, तरी गोष्ट पुढं सरकत असेल तर बिनधास्त कथेत टाका. घडत काहीच नाही, नुसतं आठवणीत फिरणं चाललंय तर ललित. ओव्या काढल्यावर हातात काही उरतच नसेल तर कविता, पण मग मधलं गद्य थोडं कमी करावं लागेल, कारण कवितेला ओळींची मर्यादा असते बहुतेक ठिकाणी. निव्वळ फॉर्मसाठी ओव्या कापू नका मात्र. आणि एकच लिखाण दोन विभागात पाठवायच्या आधी नियम नीट वाचा, नाहीतर दोन्हीकडून बाद व्हायचं.