बी-१२च्या रिसेप्टरवर प्रतिपिंड तयार करताना

प्रिय विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

रक्तातले बी-१२ जीवनसत्त्व ट्रान्सकोबालामिन या प्रथिनासोबत येते आणि पेशीच्या पृष्ठभागावरचा सीडी३२० हा रिसेप्टर, म्हणजे ग्राहक प्रथिन, त्या जोडीला धरून आत घेतो, एवढे २००९पासून ठाऊक आहे. त्या रिसेप्टरला ओळखून चिकटणारे प्रथिन, म्हणजेच प्रतिपिंड, उंदरांत स्वतः तयार करण्याचा तुझा बेत मला पटला. मात्र उंदराला पहिली सुई टोचण्याआधी क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राने सीडी३२० काढून टाकलेल्या मानवी पेशी तुझ्या फ्रीझरमध्ये असायला हव्यात.

हा हट्ट अनुभवातून आला आहे. अमिनो आम्लांच्या हिशेबाने या प्रथिनाचे वजन सुमारे २९ किलोडाल्टन भरते आणि प्रथिने वजनानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने शोधणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर नेमकी तेथेच सुबक पट्टी दिसली, तेव्हा मी प्रयोगशाळेत पेढे वाटले होते. पुढे रिसेप्टर नसलेल्या पेशींतही तीच पट्टी तितकीच ठळक उमटली. खरे प्रथिन शर्करेच्या साखळ्यांमुळे ५८च्या आसपास धावते आणि पीएनगेज-एफ या विकराने त्यातल्या काही साखळ्या छाटल्या की पट्टी खाली सरकते. ही तपासणी एका दिवसाची आहे, पेढ्यांआधी ती कर.

टोचण्यासाठी लहान पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, स्वस्त पडते, पण त्यावर मिळालेले प्रतिपिंड पुष्कळदा नीट घडी पडलेल्या प्रथिनाला ओळखतच नाही. म्हणून रिसेप्टरचा पेशीबाहेरचा भाग मानवी पेशींतच बनवून घे आणि क्लोन, म्हणजे एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवणारा पेशीवंश, निवडताना केवळ एलायझा या प्लास्टिकवर प्रथिन चिकटवून केलेल्या चाचणीच्या प्लेटवर विसंबू नकोस, कारण प्लास्टिकला चिकटताना प्रथिनाची घडी बिघडू शकते. जिवंत पेशींवरही तपास. त्या पेशी ट्रिप्सिन या प्रथिने कापणाऱ्या विकराने बशीपासून सोडवल्यास तुझे लक्ष्यच कापले जाण्याची भीती असते. त्याऐवजी ईडीटीए हे रसायन सौम्य खरे, परंतु ते कॅल्शियम ओढून घेते आणि ट्रान्सकोबालामिन धरायला या रिसेप्टरला कॅल्शियम लागते, तेव्हा धुतल्यावर कॅल्शियम परत दे. शिवाय हा रिसेप्टर विभाजन पावणाऱ्या पेशींवर भरपूर असतो. बशी गच्च भरून वाढ थांबलेल्या पेशी घेतल्यास चांगल्या प्रतिपिंडालाही तू नापास करशील.

ट्रान्सकोबालामिनची जागा अडवणारा क्लोन आणि न अडवणारा क्लोन, दोन्ही जपून ठेव. पहिल्याने शोषण रोखता येते. दुसऱ्याने ४ अंशांवर पृष्ठभागी बांधलेला रिसेप्टर ३७ अंशांवर आत जाताना पाहता येतो. पहिलाच वापरून शोषण मोजायला बसलीस, तर दार स्वतःच लावून पाहुण्यांची वाट पाहिल्यासारखे होईल.

पुढच्या पत्रासोबत ब्लॉट पाठवशील तो संपूर्ण पाठव, कडा कापलेला नको.

तुझा,
जुना मार्गदर्शक