उपाशी कुत्रा घरी आणला: आधी काय, किती आणि कधी?

उन्हाळा लागला की सोडून दिलेल्या कुत्र्यांबद्दलचे प्रश्न वाढतात. जिनिंगचा हंगाम उरकतो, राखणदार आपल्या गावी परततात, शेतावरच्या झोपड्या मोडतात आणि राखणीचा कुत्रा मागे राहतो. या वेळचे जवळपास सगळे प्रश्न अशा कुत्र्यांना घरी आणणाऱ्या वाचकांचे आहेत. त्यातल्या बहुतेकांना मला एकच विनंती करायची आहे: घाई करू नका. म्हणूनच पहिलं उत्तर लांबलं आहे.

प्रश्न (पारोळा): बंद जिनिंगच्या आवारात साखळीला बांधलेला कुत्रा सापडला. किती दिवस उपाशी होता देव जाणे. वजन ११ किलो, पण उंची पाहता १७-१८ किलोचा असायला हवा. आईनं मटणाच्या रश्शात भाकरी कुस्करून दिली, ती त्यानं एका दमात संपवली आणि तासाभरात उलटी केली. आता मान टाकून पडलाय. अजून खायला द्यावं का?

उत्तर: आज संध्याकाळपर्यंत त्याला डॉक्टरांकडे न्या. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलंत तरी चालेल. आईंनी मायेनंच दिलं, पण रस्सा-भाकरी तूर्त पूर्ण बंद करा.

कारण नीट समजून घ्या. बरेच दिवस अन्न न मिळालेलं शरीर आधी स्वतःची चरबी आणि मग स्नायू जाळून जगतं. अशा शरीरात एकदम भाकरी, भात, गूळ गेला की रक्तात इन्सुलिन वाढतं, आणि साखरेबरोबर फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियमही रक्तातून पेशींमध्ये ओढलं जातं. यांचा साठा उपासमारीत आधीच संपत आलेला असतो. मग रक्तातली पातळी झपाट्यानं खाली येते, हृदयाची लय बिघडते, श्वासाचे स्नायू थकतात, तांबड्या पेशी फुटतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांना पोटभर जेवण मिळालं आणि त्यानंतर त्यातले काही दगावले, तेही यामुळेच. उपाशी जीव भुकेनं मरेल ही भीती सगळ्यांना असते. जेवणानंतरचे चार-पाच दिवस त्याहून धोक्याचे असू शकतात, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आता हिशेब. नुसत्या आराम करणाऱ्या ११ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ४२० कॅलरी लागतात. उलटी थांबल्यावर पहिल्या दिवशी त्यातला एक तृतीयांश, म्हणजे १४०च्या आसपास द्या. दोन उकडलेल्या अंड्यांत एवढं भरतं. ती दोन अंडी दिवसभरात सहा वेळा वाटून द्यायची. एवढंच? हो, एवढंच. तो तुमच्याकडे आशेनं बघेल आणि घरातल्या सगळ्यांचा जीव तुटेल, तरी वाटी पुन्हा भरू नका. दुसऱ्या दिवशी २१० कॅलरी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी २८०, आणि सगळं सुरळीत असेल तर पाचव्या-सहाव्या दिवशी पूर्ण ४२०. कधी उलटी किंवा जुलाब झाले तर मागच्या पायरीवर परत या.

सुरुवातीला भर अंडी आणि हाडं काढलेल्या उकडलेल्या चिकनवर ठेवा, भात अगदी चमचाभर. गुळाचं पाणी किंवा ग्लुकोज पावडर देऊ नका, नेमकी साखरच इथे नको आहे. तिखट-तेलाचा रस्सा तर स्वादुपिंडाला सूज आणू शकतो. पाणी कायम समोर असू द्या, पण तो घटाघटा पिऊन ओकत असेल तर थोडं थोडं, दर पंधरा-वीस मिनिटांनी.

पहिल्या आठवड्यात अचानक लटपटणं, धाप, पायांवर सूज, झटके किंवा लालसर-काळी लघवी दिसली तर रात्र असली तरी थांबू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की कुत्रा उपाशी होता आणि नुकताच खाऊ लागलाय. त्यावरून ते रक्तातलं फॉस्फरस-पोटॅशियम तपासतील. बहुधा बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही देतील.

पहिल्या दोन दिवसांत आंघोळ नको, लस नको आणि तपासणीआधी जंताचं औषधही नको. त्याला सावली, पाणी, गोणपाटाचं मऊ अंथरूण आणि झोप हवी आहे. अंगावर मांस नसलं की कोपर आणि कंबरेची हाडं फरशीवर घासून जखमा होतात, म्हणून अंथरूण जाड असू द्या. साखळीला होता म्हणता, तर मानेच्या केसांत बोटं घालून गोल फिरवून बघा. पट्टा किंवा दोर मांसात रुतलेला असला, किंवा जखमेत अळ्या दिसल्या, तर घरी ओढून काढू नका. ते भूल देऊन करायचं काम आहे.

पुढच्या आठवड्यापासून खाणं हळूहळू वाढवत १७ किलोच्या हिशेबानं द्या. चिकन, अंडी, भात, थोडी ज्वारीची भाकरी, उकडलेलं गंगाफळ, असं सगळं चालेल. महिनोन्महिने घरचंच देणार असाल तर कॅल्शियम आणि खनिजांची पूरक मात्रा डॉक्टरांना विचारून जोडावी लागते. नुसत्या भाकरी-चिकनमध्ये ती भरून निघत नाही. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करा. कापूस किंवा धान्य मोजायचा प्लॅटफॉर्म काटा उत्तम. त्याला कडेवर घेऊन उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. सहा-सात किलो भरून यायला दोन-तीन महिने लागतील. बरगड्या हाताला लागाव्यात पण लांबून मोजता येऊ नयेत, आणि वरून पाहिलं तर कंबर दिसावी, इथे थांबायचं. आपला गावठी कुत्रा मुळात सडपातळ असतो, त्याला गुबगुबीत करायची गरज नाही.

प्रश्न (शहादा): रस्त्यावरची कुत्री आणली. अंगावर केस नाहीत, कातडी हत्तीसारखी जाड झालीय, रात्रभर खाजवते. काकांनी ट्रॅक्टरचं जळालेलं ऑइल लावलं. आता शेळ्यांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं (जंत-गोचिडीचं औषध) इंजेक्शन द्यायचं म्हणतात. मुलांच्या हातालाही पुरळ आलंय.

उत्तर: ऑइल आजच धुऊन काढा. आधी जुन्या कापडानं जमेल तेवढं पुसा, मग भांड्यांच्या सौम्य साबणानं आणि कोमट पाण्यानं दोन-तीन वेळा धुवा. दुपारच्या वेळी धुवा आणि लगेच कोरडं करा. पहिल्या दिवसांत आंघोळ नको असं वर म्हटलंय, पण इथे ती टाळून चालणार नाही. जळालेल्या ऑइलमध्ये जड धातू आणि विषारी घटक असतात. सोललेल्या कातडीतून ते अंगात जातात आणि ती चाटते तेव्हा पोटातही. खेड्यापाड्यांत हा उपाय पिढ्यान्पिढ्या चालत आलाय, आणि ऑइल लावल्यावर लूत गेली असं सांगणारेही भेटतात. ते लावून यकृत-मूत्रपिंड गमावलेले कुत्रे दवाखान्यात येतात. या उपायाला माझा ठाम विरोध आहे. रॉकेल, फिनेल, बॅटरीचं पाणी, हेही तसेच.

लूत म्हणजे एकच आजार नव्हे. एका प्रकारात सारकॉप्टिस नावाचा किडा कातडीत बोगदे करतो. प्रचंड खाज येते आणि माणसालाही काही दिवस पुरळ उठतं. तुमच्या मुलांच्या हातावरून मला हाच संशय येतो. कुत्रीवर उपचार झाला की माणसांचं पुरळ सहसा आपोआप ओसरतं, तरी मुलांना डॉक्टरांना दाखवा. दुसरा, डेमोडेक्स, माणसाला लागत नाही. तो उपासमारीनं प्रतिकारशक्ती ढासळल्यावर वाढतो. दोन्हींत फरक करायला कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तपासणी स्वस्त आहे आणि तिथल्या तिथे होते.

शेळ्यांचं इंजेक्शन अंदाजानं मुळीच देऊ नका. ते मोठ्या जनावरांच्या हिशेबानं तीव्र केलेलं असतं. हडकुळ्या कुत्रीला अर्धा मिली जास्त गेलं तरी ती झटके येऊन कोसळू शकते, आणि कोली जातीच्या किंवा तिच्या संकरातल्या कुत्र्यांना नेहमीची मात्राही घातक ठरू शकते. आता फ्लुरालानेर, अफॉक्सोलानेर अशा गोळ्या मिळतात. वजनाप्रमाणे दिल्या तर लूत आणि गोचीड दोन्हींवर चालतात. पूर्वी कधी झटके आले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. खाज दोन-तीन आठवड्यांत उतरते, केस यायला मात्र दोन महिने धरा. तिचं अंथरूण रोज भर उन्हात टाका.

प्रश्न (भुसावळ): महिना झाला, कुत्रा भरपूर खातो पण वजन हलत नाही. हिरड्या पांढऱ्या दिसतात. कानात गोचिडी होत्या, त्या काढल्या. काल नाकातून रक्त आलं.

उत्तर: खाऊनही अंगी लागत नसेल तर खाणं वाढवून उपयोग नाही, तपासणी हवी. पांढऱ्या हिरड्या, गोचीड आणि नाकातून रक्त, या तिन्हींवरून मला गोचीडतापाची दाट शंका येते. एर्लिकिया नावाचे जीवाणू गोचिडीतून रक्तात शिरतात आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात. उद्याच रक्त तपासा. निदान पक्कं झालं तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सहसा २८ दिवस देतात. आठवड्यातच कुत्रा उड्या मारू लागतो आणि लोक गोळ्या थांबवतात. तसं करू नका, आजार आत दबून राहतो आणि परत उफाळतो. गोळी जेवणानंतर द्या आणि वरून थोडं पाणी पाजा, नाहीतर ती अन्ननलिकेत चिकटून जखम करते. दुधातून देऊ नका.

ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नका. नाकातून रक्त येत असताना तर अजिबात नाही.

रक्त कमी करणारा दुसरा चोर म्हणजे आकडेकृमी. हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात आणि विष्ठा डांबरासारखी काळी होते. विष्ठेचा ताजा नमुना डबीत घेऊन जा. जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं.

गोचिडीचं म्हणाल, तर कुत्र्यावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त घरात असतात. मादी रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत, चौकटीमागे हजारो अंडी घालते. भेगा बुजवा, कोपरे झाडून काढा. गोठ्यात फवारायचं औषध मात्र कुत्र्याच्या अंगाला लावू नका, आणि कपाशीचं कीटकनाशक तर त्याच्या आसपासही नको.

प्रश्न (भुसावळ, दुसरे वाचक): ४५ अंशांत त्याला कूलरसमोर बांधलं तर सर्दी होईल का?

उत्तर: नाही. जरूर ठेवा, पण बांधू नका, त्याला हवं तेव्हा बाजूला होता यावं. खूप धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, हिरड्या लालभडक झाल्या असतील तर साध्या पाण्यानं अंग भिजवून पंखा लावा आणि तसाच दवाखान्यात न्या. बर्फाचं पाणी वापरू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे अंग गरम लागलं म्हणजे ताप असं समजू नका.

प्रश्न (यावल): केळी आमच्या घरचीच. देऊ का? दूध, भरीत, शेवभाजी?

उत्तर: केळं चालेल, साल काढून, दिवसाला दोन-तीन चकत्या. दूध बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही आणि जुलाब झाले की कमावलेलं वजन जातं. त्याऐवजी बिनमिठाचं पातळ ताक थोडं द्या. भरीत आणि शेवभाजी नाही. कांदा, कांद्याची पात, लसूण यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवले तरी. मनुका आणि द्राक्षंही नकोत. शिजवलेली कोंबडीची हाडं तुकडे होऊन आतडं फाडतात.

प्रश्न (साक्री): आता अंगानं सुधारलाय, पण जेवताना जवळ गेलं की गुरगुरतो. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे. सासरे म्हणतात, ताट काढून घेऊन धाक लावा.

उत्तर: सासऱ्यांना आदरपूर्वक सांगा की त्यानं गुरगुर वाढेल. ज्याला अन्न मिळेल की नाही याचा भरवसा कधीच नव्हता, त्याच्यासमोरून ताट काढून घेतलं तर त्याची भीती खरी ठरते. गुरगुरण्याबद्दल मारलंत तर तो पुढच्या वेळी इशारा न देता चावेल.

त्याला रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात, एकट्याला जेवू द्या. मूल त्या वेळी दुसऱ्या खोलीत, मधे दार बंद. यात सूट नको. मोठ्या माणसानं चार हात लांबून जाता जाता चिकनचा तुकडा त्याच्याकडे टाकायचा आणि थांबायचं नाही. काही आठवड्यांनी तुमची चाहूल लागली की तो शेपूट हलवू लागेल, मग अंतर हळूहळू कमी करा. झोपलेल्या कुत्र्याला मुलानं हात लावायचा नाही, हेही शिकवा.

आता तो धडधाकट आहे तर रेबीजची आणि डिस्टेंपर-पार्व्होची लस राहिली असल्यास या आठवड्यात द्या. वजन भरल्यावर नसबंदीही करून घ्या. तो चावला किंवा दात लागून ओरखडा आला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. तिथे लस मोफत मिळते. हळद, तिखट, चुना काही लावू नका.

प्रश्न (चोपडा): शेजारच्या मळ्यात कुत्रा हातभर साखळीला असतो. उन्हात, बिनपाण्याचा, हाडांचा सापळा झालाय. मालक ओळखीचे आहेत. काय करावं?

उत्तर: आधी ओळखीचा उपयोग करा. एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जा आणि आरोप न करता म्हणा, "आबा, पाणी आणि एक वेळचं खाणं आम्ही घालतो, तुम्ही त्याला झाडाखाली लांब दोरावर बांधा." बऱ्याचदा अडचण पैशाची किंवा माणसाची असते आणि मालक राजी होतात. मालक कुत्रा द्यायलाच तयार असतील तर तसं चिठ्ठीवर लिहून घ्या.

नाहीच ऐकलं तर १९६०चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा आहे. पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं आणि अतिशय आखूड किंवा जड साखळीनं दीर्घकाळ बांधणं हे त्याच्या कलम ११खाली गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये इतका तुटपुंजा आहे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. तरीही तक्रार नोंदली की पोलीस मळ्यात येतात, आणि पुष्कळदा तेवढंच पुरतं. तारीख दिसेल असे फोटो वेगवेगळ्या दिवशी काढा. लेखी अर्जात साखळीची लांबी, पाण्याचं भांडं आहे की नाही, सावली किती वेळ असते हे लिहा. एक प्रत पोलीस ठाण्यात आणि एक तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्या, दोन्हींवर पोच घ्या. रात्री साखळी तोडून कुत्रा आणू नका. त्यानं गुन्हा तुमच्यावर येतो आणि कुत्रा परत त्याच मळ्यात जातो. आणि ज्या दिवशी तो रीतसर तुमच्या अंगणात येईल, त्या दिवशी पहिलं जेवण दोन अंड्यांचं, सहा वेळा वाटून.